खारा वारा आणि जुनी फियाट

अमेरिकेत 1960 च्या दशकात मध्यम आकाराच्या, बहुधा दोन दारांच्या मोटारीत मोठ्या गाडीसाठी घडवलेले आठ सिलिंडरांचे दांडगे इंजिन बसवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्यातून ‘मसल कार’, म्हणजे बलदंड मोटार, हा प्रकार जन्माला आला. 1964 ची पाँटियाक जीटीओ ही त्याची पहिली ठळक खूण मानली जाते, आणि तिच्या सुमारे 6.4 लिटर क्षमतेच्या इंजिनाची ताकद कंपनी किमान 325 अश्वशक्ती सांगत असे. त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यातून ‘फियाट 1100 डिलाइट’ बाहेर पडू लागली, तिचे इंजिन 1,089 घनसेंटिमीटरचे होते आणि ताकद जेमतेम 40 अश्वशक्ती. या दोन आकड्यांमधील अंतरातच भारतीय हौशी कारागिराचा मार्ग अमेरिकी हौशी कारागिराहून वेगळा का झाला, याचे निम्मे उत्तर दडलेले आहे.

उरलेले निम्मे उत्तर शासकीय धोरणात सापडते. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियरने आपला आरंभ अमेरिकेतील क्रायसलर कंपनीच्या डॉज व प्लिमथ या गाड्यांच्या जुळणीनेच केला होता, म्हणजे अमेरिकी मोटारीशी मुंबईचा परिचय जुना होता. परंतु सुटे भाग केवळ आयात करून जोडणाऱ्या कंपन्यांनी एक तर इथे उत्पादनाचा कार्यक्रम हाती घ्यावा किंवा बाजूला व्हावे, असे धोरण केंद्र सरकारने 1953 मध्ये स्वीकारल्यावर शिवडी येथील जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना 1954 मध्ये बंद पडला आणि पुढील तीन दशके सामान्य गिऱ्हाइकापुढे मुख्यतः फियाट, अ‍ॅम्बेसेडर आणि स्टँडर्ड एवढेच पर्याय उरले. बलदंड मोटारींचा सुवर्णकाळ नेमका याच बंद दारांच्या काळात येऊन गेला. त्यामुळे रायगड जिल्ह्यातील पेण किंवा रोहा परिसरातील एखाद्या घराच्या पडवीला लागून वर्षानुवर्षे झाकून ठेवलेली जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणण्याचा विचार होतो, तेव्हा त्या झाकणाखाली मस्टँगसारखी अमेरिकी मोटार निघण्याची शक्यता फारच थोडी असते. निघते ती बहुधा फियाट, क्वचित महिंद्राची जीप.

फियाटची पिढी ओळखणे हे कामाचे पहिले पाऊल होय. 1950 च्या दशकातील गोलाकार, पुढे नाक काढलेल्या गाडीला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव प्रेमानेच दिले. तिच्यानंतर डिलाइट आली, 1972 मध्ये तीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि 1974 पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने विकली जाऊ लागली. नावे बदलली तरी मूळ रचना टिकली, म्हणूनच या गाड्यांचे पुष्कळ भाग एकमेकींना चालतात, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दशकानुदशके वापरल्यामुळे त्या भागांचा साठाही मोठा झाला. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदवली गेली आणि टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून तीही रस्त्यावरून हटली. टॅक्सीच्या निमित्ताने चालणारा सुट्या भागांचा व्यवहार त्यानंतर आटत जाणे स्वाभाविक आहे, हे घरी काम काढणाऱ्याने खर्चाचा अंदाज बांधतानाच लक्षात घेतलेले बरे.

गाडी खोलण्यापूर्वी तिच्या शरीराची रचना समजून घ्यावी लागते. जुन्या जीपला खाली स्वतंत्र सांगाडा असतो, त्याला चेसिस म्हणतात, आणि वरचा पत्रा त्यावर केवळ बसवलेला असतो. फियाटमध्ये असा वेगळा सांगाडा नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ उंबरे, खांब आणि छप्पर हे सारे वेल्डिंगने एकजीव करून त्यांनाच भार पेलायला लावलेले असते, आणि या रचनेला मोनोकॉक म्हणतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की जीपचा पत्रा सडला तर जीप कुरूप दिसते, पण फियाटचा तळ सडला तर फियाट कमकुवत होते. दार बंद करताना ते खाली लोंबलेले जाणवणे, किंवा एका बाजूला जॅक लावून गाडी उचलल्यावर दार अडकून बसणे, ही कण्याचे दुखणे आतपर्यंत पोचल्याची लक्षणे आहेत आणि ती इंजिनाच्या आवाजापेक्षा आधी तपासली पाहिजेत.

रायगड जिल्ह्याच्या या पट्ट्यात ती बहुधा सापडतातच. वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी, मिठागरे आणि खारेपाट. रोह्याच्या अंगाने वाहत जाऊन रेवदंड्याच्या खाडीला मिळणारी कुंडलिका. लोखंडाला गंज चढण्यासाठी ओलावा आणि प्राणवायू पुरेसे असतात, परंतु त्या ओलाव्यात मीठ विरघळलेले असेल तर पाणी विजेचे अधिक चांगले वाहक बनते, लोखंडाच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म बॅटऱ्या सुरू झाल्यासारखी क्रिया घडते आणि गंजण्याचा वेग वाढतो. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फुगवटा दिसू लागतो. तो फुगवटा म्हणजे आरंभ नव्हे, आतील बाजूने चाललेल्या कामाचा बाहेर दिसणारा शेवट असतो. गाडी झाकण्यासाठी सर्रास वापरली जाणारी प्लॅस्टिकची ताडपत्री येथे मदत करण्याऐवजी घातच करते, कारण जमिनीतून उठणारी वाफ तिच्याखाली कोंडली जाते. सुती आच्छादन, चहूबाजूंनी वारा आणि खाली मातीऐवजी कोबा असलेली पडवी ही त्याहून कितीतरी बरी.

गंजाविरुद्धच्या कामात सोपा मार्ग आणि योग्य मार्ग यांच्यात मोठे अंतर आहे. सडलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून वर रंग मारला की गाडी एका दिवाळीपुरती देखणी होते, आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘फुल रिस्टोर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांचे रहस्य या लांबीतच असते. चुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवला आणि तो एखाद्या ठिकाणी चिकटेनासा झाला, तर तेथे धातूऐवजी लांबी आहे हे कळते. योग्य मार्ग असा की निरोगी पत्रा लागेपर्यंत सडका भाग कापून काढावा, त्याच जाडीचा नवा पत्रा मूळ वळणानुसार ठोकून वेल्डिंग करावा, आणि हे करताना गाडी चार घोड्यांवर समतल ठेवून दारांमधील फटी प्रत्येक टप्प्यावर मोजाव्यात, नाहीतर उंबरा कापताच शरीर किंचित वाकते आणि नंतर कोणतेही दार नीट बसत नाही. दोन्ही उंबरे एकाच वेळी कापणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक होय. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढणे आणि पेट्रोलची टाकी गाडीतून उतरवून दूर नेणे ही काळजी ऐच्छिक नाही. रिकामी दिसणारी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते.

बिजागऱ्या, कंसपट्ट्या, स्प्रिंगांचे कप अशा लहान भागांसाठी घरच्या घरी करता येणारी एक पद्धत विशेष उपयोगी आहे. प्लॅस्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी करून गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि लोखंडाचा एखादा टाकाऊ तुकडा धन टोकाला जोडून बुडवला की काही तासांत गंज सुटा होतो आणि चांगला धातू मात्र झिजत नाही. या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती उघड्यावरच करावी, आणि धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे पाण्यात उतरतात. स्वच्छ झालेला धातू कोकणातील हवेत एका रात्रीत पुन्हा लालसर पडतो. त्यामुळे त्याच दिवशी त्याच्यावर इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्रायमरचा हात बसला पाहिजे. पोकळ उंबऱ्यांत आतून मेण किंवा मेणयुक्त तेल फवारणे आणि तळातील पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवणे ही कामे दिसत नाहीत, म्हणून टाळली जातात, पण पाच पावसाळ्यांनंतर गाडीची अवस्था त्यांच्यावरच ठरते.

रंगकामाच्या बाबतीत पेणला एक वेगळीच अनुकूलता आहे. शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. मूर्तीच्या गुळगुळीत अंगावर एकसारखा थर बसवणे, कंप्रेसरचा दाब आणि फवारणीच्या बंदुकीचे अंतर हाताच्या सवयीने सांभाळणे, ओघळ येऊ न देणे ही कौशल्ये या परिसराच्या हाडीमांसी खिळलेली आहेत. मात्र माती किंवा प्लॅस्टर रंग शोषून घेते आणि पत्रा शोषत नाही, त्यामुळे मूर्तीचा रंगारी लगेच मोटारीचा रंगारी होतो असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जुन्या फियाटला साजणारा, गॅरेजच्या भाषेत ‘ड्युको’ म्हटला जाणारा नायट्रोसेल्युलोज रंग दमट हवेत फवारला तर विद्रावक वेगाने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतील बाष्प बसते आणि रंगावर दुधाळ सावट येते. म्हणून येथील रंगकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन शिमग्याच्या आसपास संपतो. दोन घटक मिसळून वापरायचे आधुनिक पॉलियुरेथेन रंग अधिक टिकाऊ असले तरी त्यांच्या कठीणकात आयसोसायनेट ही फुफ्फुसांना घातक द्रव्ये असतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांच्यापुढे निरुपयोगी आहे, आणि हवा पुरवणारा मुखवटा नसेल तर तो शेवटचा थर व्यावसायिक रंगशाळेत द्यावा.

इंजिनाचे काम याच्या तुलनेत सरळ आहे, कदाचित म्हणूनच सर्वांचा ओढा तिकडे असतो. पद्मिनीच्या इंजिनातील चार सिलिंडरांचा व्यास 68 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 75 मिलिमीटर असते. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खात आहे, म्हणजे रिंगा किंवा सिलिंडरच्या भिंती झिजल्या आहेत, असे समजून सिलिंडर नव्याने कातून म्हणजे बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवले जातात. हीच ताकद वाढवण्याची युक्ती आहे असा एक समज आढळतो. पण व्यास पूर्ण एक मिलिमीटरने वाढवला तरी क्षमता 1,089 वरून सुमारे 1,122 घनसेंटिमीटर होते, म्हणजे वाढ अवघी तीन टक्के. या इंजिनाचे खरे पुनरुज्जीवन ताकद वाढवण्यात नसून त्याला जन्मतः असलेले चाळीस घोडे परत मिळवून देण्यात आहे: व्हॉल्व्ह नीट बसवणे, हेड सपाट करून घेणे, कार्ब्युरेटरच्या झिजलेल्या दांडीतून शिरणारी चोरटी हवा बंद करणे आणि रेडिएटर साफ करणे. खारेपाटातील विहिरींचे मचूळ पाणी रेडिएटरमध्ये ओतण्याची सवय अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला आतून कुरतडते. त्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरावे.

इंधनाने मात्र एक नवा प्रश्न उभा केला आहे. 2000 साली देशातील पेट्रोलमधून शिसे पूर्णपणे गेले, आणि 2025 पर्यंत त्यात वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण करण्याचा टप्पा गाठला गेला, ज्यात महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचाही वाटा आहे. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी तळाला जाऊन गंज धरतो, आणि जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या व पंपाचा पडदा मऊ पडून चिरतो. इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असल्याने तेवढ्याच हवेसाठी इंधन अधिक लागते. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून येणारे मिश्रण त्यामुळे पातळ पडते आणि इंजिन तापते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा पडदा आणि किंचित मोठा जेट ही सुधारणा आज हौसेची राहिलेली नसून गरजेची झाली आहे. वडखळच्या वाहतूक कोंडीत उभी राहिलेली फियाट बंद पडून पुन्हा सुरू न होणे हा प्रकारही इंधनाशीच निगडित आहे: इंजिनाच्या अंगावर बसवलेला पंप तापून आतील पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफच ढकलत राहतो. टॅक्सीचालक यावर ओले फडके ठेवत. कायमचा उपाय म्हणजे नळीचा मार्ग उष्णतेपासून दूर नेणे.

सुधारणांचा क्रम हा या साऱ्या विषयातील सर्वांत उपेक्षित भाग आहे. वेग वाढला की गाडीतील गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 किलोमीटरऐवजी 80 वेगाने जाणारी तीच गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला पावणेदोन पटींहून अधिक उष्णता गिळावी लागते. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात, पाण्यातून गेल्यावर त्यांची पकड काही काळ सुटते, आणि सुकेळी खिंडीच्या उतारावर भर पावसात याचा अनुभव सुखद नसतो. याच कंपनीच्या 1985 मध्ये आलेल्या 118 एनई या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होते, म्हणून तिचे भाग फियाटला बसवण्याचे प्रयत्न कारागीर करतात. पण नवे लायनर, गंज न धरलेले सिलिंडर, नव्या नळ्या आणि ताजे ब्रेक ऑइल यांवर मूळ ड्रमसुद्धा चाळीस घोड्यांना पुरेसे ठरतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून ड्रममधील भुकटी कंप्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

विजेच्या बाबतीत जुन्या गाड्यांतील डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवणे ही पावसाळी प्रदेशासाठी सर्वांत शहाणी सुधारणा म्हणता येईल, कारण इंजिन मंद फिरत असताना डायनामो फारशी वीज देत नाही आणि वायपर, दिवे व हॉर्न एकदम चालवले की बॅटरी उतरू लागते. साठ वॅटच्या दोन दिव्यांना बारा व्होल्टवर सुमारे दहा अँपिअर प्रवाह लागतो. तो सगळा डॅशबोर्डवरील जुन्या स्विचमधून नेण्याऐवजी रिले नावाच्या दुय्यम स्विचमधून नेला की दिवे उजळतात आणि वायर वितळत नाहीत. अशी प्रत्येक सुधारणा परत काढता येईल अशी करावी आणि काढलेला मूळ भाग तेल लावून जपून ठेवावा, या नियमामागे केवळ जुन्याची भाबडी ओढ नसून कायद्याचेही कारण आहे.

रायगड जिल्ह्यातील एमएच-06 या क्रमांकाच्या वाहनांचे परिवहन कार्यालय पेणलाच आहे, त्यामुळे रोह्याच्या गाडीलाही अखेर याच दारात यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण होते. 1 एप्रिल 2022 पासून त्याचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 झाले आणि नंतर जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मनमानी बदल करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्यामुळे फियाटमध्ये दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन घालणे म्हणजे गाडीला दांडगे बनवणे कमी आणि तिचे कागद निकामी करणे जास्त ठरते. दुसरीकडे, पहिल्या नोंदणीनंतर 50 वर्षे उलटलेल्या वाहनांसाठी 2021 मध्ये केंद्राने ‘व्हिंटेज’ असा वेगळा वर्ग केला: अशी नोंदणी दहा वर्षांची, शुल्क नव्या नोंदणीला 20,000 आणि पुनर्नोंदणीला 5,000 रुपये, जुना क्रमांक असल्यास तोच राखण्याची मुभा, मात्र वापर प्रदर्शन, रॅली अशा मोजक्या कारणांपुरता आणि सांगाडा, शरीर वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसण्याची अट. 1974 सालच्या पहिल्या पद्मिनी या वयोमर्यादेपर्यंत 2024 मध्ये पोचल्या. इंजिन बदलून घेतलेल्या मालकाला हा दरवाजा बंद झाल्याचे बहुधा अर्ज भरतानाच कळते.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक ज्या गोष्टीकडे प्रथम पाहतो ती म्हणजे इंजिनकक्षातील पत्र्यावर ठोकलेला चेसिस क्रमांक. त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवून त्याचा ठसा घेतला जातो आणि नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिला जातो. हा क्रमांक गंजाने झिजलेला असो किंवा उत्साही रंगाऱ्याने त्याच्या खाचा लांबीने भरून वर चकचकीत थर मारलेला असो, ठसा दोन्ही वेळा कोराच उमटतो. म्हणून पत्र्याचे काम सुरू करण्याच्या पहिल्याच दिवशी त्या जागेचे छायाचित्र आणि पेन्सिलचा ठसा काढून ठेवून ती पट्टी ग्रीस लावून कागदाने झाकावी, आणि रंगाऱ्याला गाडी सोपवताना ती जागा बोटाने दाखवून द्यावी.